पांढरं कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा: आरोग्य योजनेत या चुका टाळा

कोकणात कुणाला अँजिओप्लास्टी सांगितली की घरात पहिली शोधाशोध रेशनकार्डाची होते. कपाटातली पत्र्याची पेटी, गादीखाली, देवघराच्या वरचा फळा, सगळं उलथंपालथं करून कार्ड मिळतं आणि ते पांढरं निघालं की घरातलं कोणीतरी जाणतं माणूस बोलतंच, "आमचा पांढरा असा, आमका काय गावाचा नाय." म्हणजे पांढऱ्या कार्डावर सरकारी आरोग्य योजनेतून काही मिळायचं नाही. मग सोनं पतपेढीत, नाहीतर बागेचा मोहोर बघून व्यापाऱ्याकडून अ‍ॅडव्हान्स.

हे वाक्य एकेकाळी खरं होतं. आता नाही. आणि गंमत अशी की जिथे उत्पन्नाची अट उरलेली नाही तिथे लोक घाबरून जातच नाहीत, आणि जिथे ती अट कडक आहे तिथे बिनधास्त कुठलाही जुना दाखला घेऊन उभे राहतात.

आधी पांढऱ्या कार्डाचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते, कोकणातला त्यात रायगड होता, रत्नागिरी-सिंधुदुर्गाला २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. तेव्हा नियम सरळ होता, पिवळं आणि केशरी कार्ड आत, पांढरं बाहेर. पांढऱ्यांपैकी फक्त विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतले शेतकरी आत होते, आपल्याकडचे नाहीत. पुढे जुलै २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून योजना सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू झाली, पांढऱ्यांनासुद्धा, आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांना अधिवास दाखल्यावर. कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाख, पूर्वी ते दीड लाख होतं. म्हणजे तुमच्या दारात बोलेरो आहे की नाही, आंब्याची कलमं शंभर आहेत की हजार, हे हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र (योजनेचं काम बघणारा माणूस) बघतच नाही. तो बघतो कार्डावर पेशंटचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का. बस.

त्यामुळे आरोग्य योजनेसाठी म्हणून पांढऱ्याचं केशरी करून घेणं ही शुद्ध वेळ घालवायची कामं आहेत. तरी लोक करतात. कार्डाचे तीन रंग आले १९९९ ला, केशरीला वार्षिक उत्पन्न १५ हजारांच्या वर ते १ लाखापर्यंत, घरात कुणाच्याही नावावर चारचाकी नको (टॅक्सी चालवणाऱ्याला सूट आहे) आणि कुटुंबाची मिळून बागायत जमीन ४ हेक्टरच्या खाली हवी. ही अट डोक्यात इतकी घट्ट बसलीय की गाडी मेव्हण्याच्या नावावर करतात, दाखल्यावर उत्पन्न खाली आणतात. खोटा दाखला पकडला गेला तर कार्ड जातं आणि गुन्हा दाखल होऊ शकतो तो वेगळाच, आणि हे सगळं कशासाठी तर जे पांढऱ्यावर मिळतंच आहे त्यासाठी! रेशनच्या धान्याचा विषय वेगळा, तिथे मर्यादा अजून आहे, प्राधान्य कुटुंबाला गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. धान्याचा नियम धान्याला, हॉस्पिटलचा हॉस्पिटलला.

आता कार्डावरच्या नावांकडे या, खरी गोची इथे आहे.

चाकरमानी घरांत काय होतं, आईवडलांचं कार्ड गावात, मुलाचं डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात, आणि आईचं नाव दोन्हीकडे, कारण गणपतीला आल्यावर गावचं रेशन पण उचलायचं असायचं. आधार जोडल्यावर ही डबल नावं सापडली आणि एका कार्डावरून कापली गेली. कुठल्या कार्डावरून, ते घरात कुणालाच माहीत नसतं, कळतं थेट अ‍ॅडमिट झाल्यावर. मुंबईचं कार्ड रत्नागिरीच्या हॉस्पिटलात चालतं, योजना पूर्ण राज्याची आहे, त्याची काळजी नको. फक्त पेशंटचं नाव नक्की कुठल्या कार्डावर जिवंत आहे ते आजारपण यायच्या आधी रेशन दुकानात कार्डाचा बारा अंकी नंबर सांगून बघून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी अडचण सुनेची. लग्न होऊन चार वर्षं झाली, माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखलाच आणलेला नाही, आधारवर माहेरचं आडनाव, इकडच्या कार्डावर नाव नाही. आणि नेमकं बाळंतपणात काही गुंतागुंत झाली की धावपळ. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत लगेच करा, तो दाखला असला की आधारवरचं नाव बदलतं आणि मग पुढचं सगळं सोपं होतं. हे काम सासरच्यांनी करायचं असतं खरं तर, सुनेला एकटीला तहसीलला पाठवून देतात ते मला अजिबात पटत नाही.

आणि ५ लाख हे माणशी नाहीत हां, कार्डावरच्या सगळ्या कुटुंबाचे मिळून आहेत. तीन भावांची कुटुंबं एकाच जुन्या कार्डावर ठेवली असतील तर एकाच्या बायपासमध्ये आणि दुसऱ्याच्या केमोत रक्कम संपू शकते. चुली वेगळ्या झाल्यात ना, मग कार्डही विभक्त करून घ्या.

उत्पन्न जिथे खरंच बघतात

मुंबईला न्यायची वेळ आली की दोन ठिकाणी उत्पन्नाचा दाखला लागतोच. एक म्हणजे ट्रस्टची धर्मादाय हॉस्पिटलं. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. दुसरं ठिकाण मुख्यमंत्री सहायता निधी, तिथे १ लाख ६० हजारांच्या आत. आकडे जवळजवळचे आहेत म्हणून लोक एकच समजतात आणि १ लाख ७० हजारांचा दाखला घेऊन निधीला अर्ज करतात. तो अर्ज बाद होणार, पण तोच दाखला धर्मादाय खाटेला मात्र चालतो, हे कुणी सांगत नाही.

दाखल्यात आपल्याकडे तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, "शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाय, मग ते कशाला दाखवायचं." इन्कम टॅक्सला माफ असलं तरी तहसीलदाराच्या दाखल्यात शेतीचं उत्पन्न धरलं जातं, मुलाचा पगार धरला जातो, पेन्शन, होमस्टेचं भाडं, सगळं. न दाखवता दाखला काढला आणि हॉस्पिटलच्या समाजसेवकाने बँकेचं पासबुक मागितलं की तिथे मे महिन्यात वाशीच्या दलालाकडून आलेली आंब्याच्या पट्टीची (विक्रीची) रक्कम स्वच्छ दिसते. मग खरं सांगणारा पेशंटपण खोटा ठरतो.

दुसरी चूक बरोबर उलटी, आणि कोकणात हीच जास्त. उत्पन्न उगाच फुगतं, सातबाऱ्यामुळे. आपला सातबारा कसा असतो ते सांगायला नको, एका गटावर आजोबांच्या चुलत भावांपासून सगळे, सव्वीस नावं, त्यातली नऊ मयत, वारसतपास झालेला नाही, अर्धे मुंबईत. समजा क्षेत्र ३ हेक्टर २० आर. त्यातलं कातळ आणि वरकस (हलकी डोंगरउताराची जमीन) वजा केलं तर पिकाखाली राहतं किती, आणि त्यात तुमचा वाटा म्हणजे एक वाफा आणि सात कलमं. पण अर्जाला नुसता सातबारा जोडला की समोरच्याला पूर्ण ३ हेक्टर २० दिसतं आणि तो त्या मानाने आकडा टाकतो. म्हणून सातबाऱ्यासोबत आठ-अ चा उतारा जोडा, तुमच्या खात्यावर किती आहे ते त्यात येतं, आणि खातं सामाईक असेल तर तुमच्या वहिवाटीत नक्की किती ते तलाठ्याला (आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी) तोंडी सांगून त्याच्या चौकशी अहवालात लिहून घ्या. पीकपाहणीत काय नोंदलंय तेही बघा. माळावरची जिरायत काजू चुकून बागायत म्हणून चढली असेल तर रेशनच्या ४ हेक्टरच्या हिशोबातही तीच चूक पुढे जाते. बागायत आणि जिरायत यात कागदावर जमीन-अस्मानाचा फरक पडतो आणि आपण तो रकाना कधी वाचतच नाही.

तिसरी, तारीख. एक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत काढलेला एप्रिलमध्ये बाद, आणि एप्रिलमध्ये सगळं घर बागेत असतं, पेट्या भरायच्या की सेतूत बसायचं! मोठं ऑपरेशन एप्रिल-मेमध्ये ठरलं असेल तर १ एप्रिलनंतर लगेच नवीन अर्ज टाकून मोकळे व्हा.

निधीचा अर्ज मात्र पेशंट अ‍ॅडमिट असतानाच करायचा, डिस्चार्ज घेऊन बिल भरून घरी आल्यावर नाही.

"आयुष्मानच्या यादीत नाव नाय"

ही पण एक पळवाट झालीय, कार्ड काढायला कंटाळा आला की. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ला आली तेव्हा यादी होती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची, आणि त्यातून माणसं वगळायचे निकष असे होते की किनाऱ्यावरचा अर्धा गाव आपोआप बाहेर: मोटारसायकल, यांत्रिक मच्छीमार होडी, फ्रीज, लँडलाइन, ५० हजार किंवा जास्त लिमिटचं किसान क्रेडिट कार्ड. आता मालवण-वेंगुर्ल्यात इंजिन नसलेली होडी घेऊन किती जण समुद्रात जातात तुम्हीच सांगा. इंजिन कर्जाचं, जाळी उधारीची, पण यादीने त्याला सुखवस्तू ठरवलं. तर त्या यादीत नाव नसलं म्हणून सगळं संपलं असं नाही, २०२० पासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र चालते आणि रेशनकार्डावर राज्याचं कव्हर मिळतंच.

सत्तरीच्या पुढच्या माणसाला तर उत्पन्न, जमीन, गाडी काहीच विचारत नाहीत. २९ ऑक्टोबर २०२४ ला वय वंदना कार्ड सुरू झालं, त्यात वर्षाला ५ लाख, घरात सत्तरीपार नवरा-बायको दोघं असतील तर दोघांत मिळून. लागतं फक्त आधार. पण तिथेच मेख आहे, आपल्या म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आणि साल अंदाजपंचे टाकलेलं. आजी खरी पंच्याहत्तरची आणि आधारवर सदुसष्ट. शाळेचा दाखला असेल तर तो शोधा आणि आधार दुरुस्त करा, आजी आजारी पडल्यावर नाही, आत्ताच.

हॉस्पिटलच्या दारात

कागद सगळे बरोबर असून पैसे जातात ते इथे. योजना अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या हॉस्पिटलातच चालते, आणि हॉस्पिटल अंगीकृत असलं तरी प्रत्येक विभागाला असेलच असं नाही, हाडांच्या ऑपरेशनला असेल आणि हृदयाला नसेल. ओपीडीची तपासणी, औषधाची चिठ्ठी यात येत नाही. आणि बाहेर रोख बिल भरून नंतर योजनेतून परत मागू म्हटलं तर मिळत नाही, योजना कॅशलेस आहे. म्हणून अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसतानाच १५५३८८ ला फोन करून विचारा, आयुष्मानचा नंबर १४५५५. रात्री-अपरात्री इमर्जन्सी असली तर कार्ड घरी राहिलं म्हणून उपचार थांबवू देऊ नका, आधी फोनवर कळवून मंजुरी घेता येते, कार्ड मागून कुणीतरी सकाळच्या एसटीने आणतं.

सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडच्यांनी एक जास्तीचं लक्षात ठेवायचं. बांबोळी (गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज) जवळ पडते, पिढ्यान्‌पिढ्या आपण तिकडेच जातो, पण गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना पाच वर्षं गोव्यात राहिलेल्यांसाठी आहे. म्हापशाला कामाला जाता म्हणून ती लागू होत नाही. सीमा ओलांडायच्या आधी आपलं कार्ड तिथे त्या उपचाराला चालेल का हे फोनवर विचारून घ्या, नाहीतर ओरोसचं शासकीय मेडिकल कॉलेज किंवा कोल्हापूर.

आणि आरोग्यमित्र "नाव मॅच होत नाही" बोलला की भांडत बसू नका, तो स्पेलिंग बदलू शकत नाही. त्याला विचारा नक्की कुठलं अक्षर किंवा कुठली तारीख अडतेय, ते कागदावर लिहून घ्या, पेशंटपाशी एक जण थांबा आणि दुसऱ्याला मूळ कार्ड आणि आधार घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत पाठवा. शनिवार-रविवार मध्ये आला तर तोपर्यंत हॉस्पिटलने अनामत भरायला सांगितली तर भरायच्या आधी हेल्पलाइनला तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या, तो नंबर काउंटरवर दाखवला की बोलण्याचा सूर बदलतो.