सामायिक कॉन्फोकल मायक्रोस्कोप वापरताना या चुका टाळा

कॉन्फोकल म्हणजे लेझरने नमुन्याचा एकेक पातळ थर टिपणारा मायक्रोस्कोप. चित्र धूसर आलं की पहिला दोष त्यालाच जातो. मशीन सामायिक असेल तर जास्तच, कारण आपल्याआधी कोणी काय फिरवून ठेवलंय कोणास ठाऊक! प्रत्यक्षात गडबड बहुतेकदा स्लाइडसोबतच खोलीत आलेली असते.

काचेपासून सुरुवात करा. जास्त क्षमतेची बहुतेक ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगं) ०.१७ मिलिमीटरची, म्हणजे १.५ क्रमांकाची कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) गृहीत धरून घडवलेली असतात. हाताशी आहे म्हणून १ क्रमांकाची पातळ काच लावली, तर तपशील पुसट होतात. तेलाविना वापरायच्या ऑब्जेक्टिव्हवर हे अधिक जाणवतं. जाड तळाच्या प्लॅस्टिक डिशमधल्या पेशींपर्यंत तर ६३एक्स (६३ पट मोठं दाखवणारं) तेलाचं ऑब्जेक्टिव्ह पोहोचतच नाही. फोकस अजिबात सापडत नसेल तर आधी स्लाइड उलटी बसलीय का ते बघा. हसू नका, मुरलेल्यांचंही होतं.

सर्वांत महाग पडणारी चूक ट्यूमर स्फेरॉइडच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींच्या गोळ्याच्या बाबतीत होते. गोळ्याच्या कडा उजळ आणि मधला भाग काळा दिसतो, आणि लगेच लिहिलं जातं: औषध आतपर्यंत पोहोचत नाही. सेमिनारमध्ये हे छान दिसतं, एवढंच. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) सुमारे १.५२, पाणीदार नमुन्याचा १.३३ च्या आसपास. त्यामुळे खोल जाल तसा प्रकाश नीट एकवटत नाही. त्यात पेशी प्रकाश विखुरतात आणि रंग जोडलेली अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) स्वतःच गाभ्यापर्यंत झिरपलेली नसते. पाण्याचं किंवा सिलिकॉन तेलाचं ऑब्जेक्टिव्ह घ्या, नमुना पारदर्शक करून घ्या, आणि एक गोळा कापून त्याचे सेक्शन (पातळ काप) रंगवून बघा. तिथे गाभा उजळला, तर अंधार औषधाचा नव्हता.

डीएनए-इजा मोजण्यासाठी गॅमा-एचटूएएक्सची (डीएनए तुटलेल्या जागी दिसणाऱ्या प्रथिन-खुणेची) तीव्रता मोजताय? मग गेन (डिटेक्टर सिग्नल किती वाढवतो ते) सर्वांत उजळ नमुन्यावर ठरवा आणि नंतर हात लावू नका. ८-बिट प्रतिमेत २५५ ला, म्हणजे उजळपणाच्या कमाल आकड्याला टेकलेल्या पिक्सेलमधला फरक कायमचा गेलेला असतो. मूळ फाइल जपा. जेपेग फक्त स्लाइड-शोसाठी.

दोन रंग एकाच जागी दिसले म्हणजे दोन प्रथिनं एकत्र आहेत असं नव्हे. एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये (त्या रंगाच्या वेगळ्या प्रतिमेत) गळत असू शकतो. एकेकच रंग लावलेल्या स्लाइड सोबत आणा आणि चॅनेल एकामागून एक स्कॅन करा. फॉर्मॅलिनमधल्या ऊतींसाठी रंग न लावलेली स्लाइडही हवीच, कारण त्या आपोआपच चमकतात.

अँटिबॉडी मागवण्याआधी केंद्रातल्या ऑपरेटरला विचारा की कोणते लेझर आणि फिल्टर आहेत. जिवंत पेशी बघायच्या असतील तर मायक्रोस्कोपवरचा, पेशी उबदार ठेवणारा इन्क्युबेटर काही तास आधी सुरू करायला सांगा. नाहीतर तापमान स्थिरावेपर्यंत फोकस सरकत राहतो.

कोरड्या (तेलाविना वापरायच्या) ऑब्जेक्टिव्हला तेल लागलं तर साध्या टिश्यूने घासू नका, लपवूही नका. ऑपरेटरला तिथल्या तिथे सांगा. वाळल्यावर ते काढणं फार कठीण जातं.