टोन तुटतो तो क्षण : रडार बॉम्ब स्कोअरिंगच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

पुण्यात संरक्षण आणि सामरिकशास्त्रात एमए करत होते. लघुप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तोवर अमेरिकी वायुदलाच्या लांब पल्ल्याची बॉम्बर विमानं सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडबद्दल, म्हणजे 'सॅक'बद्दल, मी बरंच वाचून ठेवलं होतं. बी-४७, बी-५२ ही बॉम्बर विमानं, अण्वस्त्रं, सगळं सरांना सांगून झालं. त्यांनी एकच विचारलं, "अगं, ही विमानं रोज सराव करायची, पण बॉम्ब तर पडत नव्हता. मग नेम लागला की चुकला, हे ठरवायचं कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचे सगळे महिने त्या एका प्रश्नात गेले. या विषयाकडे कुणी वळणार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, की विमानापासून सुरुवात करू नका. जमिनीवर रडारपाशी बसून नेम मोजणाऱ्या माणसांपासून करा. त्यांच्या या कामालाच रडार बॉम्ब स्कोअरिंग म्हणत.

त्यांचं काम असं चालायचं. बॉम्बर लक्ष्याकडे वळला की रडार त्याचा माग धरायचं आणि रडारला जोडलेला पेन मोठ्या कागदावर विमानाचा मार्ग काढत जायचा. विमानातून रेडिओवर एक सलग सूर सुरू व्हायचा, त्याला टोन म्हणत. खरा बॉम्ब ज्या क्षणी सुटला असता त्या क्षणी टोन तुटायचा आणि कागदावर ती जागा पक्की व्हायची. मग उंची, वेग, दिशा, वारा आणि त्या जातीच्या बॉम्बची पडण्याची रीत हिशेबात घेऊन तो कुठे आदळला असता ते काढलं जायचं. लक्ष्यापासून किती अंतर आणि कोणत्या बाजूला, हाच स्कोअर.

हे नुसतं वाचून पुढे जाऊ नका, कागद-पेन घेऊन एकदा करून बघा. विमान ३०,००० फुटांवर आहे, वेग ४५० नॉट, असं धरा. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर बॉम्ब खाली यायला साधारण ४३ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तो पुढे जवळजवळ १० किलोमीटर जातो. टोन एक सेकंद उशिरा तुटला तर बॉम्ब सुमारे २३० मीटर पलीकडे पडतो. मी हे गणित वसतिगृहातल्या टेबलावर केलं त्या रात्री विषय खऱ्या अर्थाने माझ्या हातात आला. क्रूच्या स्कोअरवर एवढी भिस्त का होती, हे मला दहा लेख वाचून उमगलं नव्हतं. लक्षात ठेवा, नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, आणि सागरी मैल १,८५२ मीटरचा. मी सुरुवातीला तो साध्या मैलाइतकाच धरला आणि एक अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला. तसंच नेमाची अचूकता सांगणारं 'सर्क्युलर एरर प्रॉबेबल' हे माप म्हणजे सरासरी चूक नव्हे. निम्मे बॉम्ब ज्या वर्तुळाच्या आत पडतील त्याची ती त्रिज्या. हा घोळ छापील लेखांतही सापडतो.

या सगळ्याला एवढं महत्त्व कशामुळे आलं, ते समजायला जानेवारी १९४९ची डेटनची कथा वाचा. जनरल कर्टिस लेमे यांनी १९४८च्या ऑक्टोबरमध्ये सॅकची सूत्रं घेतली आणि काही महिन्यांतच सगळ्या बॉम्बर गटांना ओहायोतल्या डेटनवर लुटुपुटीचा हल्ला करायला पाठवलं. उंची युद्धातली, वेळ रात्रीची. लेमे यांच्या सांगण्यानुसार एकाही क्रूला मोहीम ठरल्याप्रमाणे पार पाडता आली नाही. माझ्या मते सॅकच्या इतिहासातला हा सर्वात मोलाचा पराभव आहे. तो जमिनीवर मोजला गेला, म्हणूनच नाकारता आला नाही. त्यानंतर स्कोअर हा क्रूच्या आयुष्याचाच भाग झाला. चांगल्या क्रूंना नेहमीच्या वाटेबाहेरची बढती मिळे आणि कामगिरी घसरली तर ती जाई, तीही अख्ख्या क्रूची.

युनिटांच्या नावांनी सुरुवातीला गोंधळ उडेल. ३९०३वं रडार बॉम्ब स्कोअरिंग पथक, मग पहिला रडार बॉम्ब स्कोअरिंग ग्रुप, आणि १९६१पासून पहिला कॉम्बॅट इव्हॅल्युएशन ग्रुप, मुख्यालय लुईझियानातला बार्क्सडेल तळ. वंशावळ काढतो तशी एक पानभर काढून भिंतीवर लावा. या शेवटच्या ग्रुपकडे दोन कामं होती: जमिनीवरून स्कोअर देणं, आणि क्रूबरोबर विमानात बसून त्यांची परीक्षा घेणं. दोन्हींची कागदपत्रं वेगळी ठेवा.

सोव्हिएत क्षेपणास्त्रांमुळे उंचीवरून जाणं धोक्याचं झालं तेव्हा बॉम्बर जमिनीलगत उडू लागले. स्कोअर देणाऱ्या रडारच्या त्याच त्या जागा (साइट) क्रूंना पाठ होऊ नयेत म्हणून रडार चक्क रेल्वेच्या डब्यांवर चढवलं. अशा तीन गाड्या देशभर जागा बदलत फिरत. वाचायला मजेचा भाग आहे, पण सराव म्हणजे खेळ नव्हता. ७ जानेवारी १९७१ला मिशिगनमधल्या बे शोअर साइटसाठी सराव करणारं बी-५२ मिशिगन सरोवरात कोसळलं. नऊच्या नऊ जण गेले. स्कोअरचे तक्ते भरताना मी ही तारीख बाजूला लिहून ठेवली होती.

व्हिएतनाम युद्धात हेच गणित उलटं फिरवलं गेलं. बॉम्ब कुठे पडला असता, हे काढण्याऐवजी बॉम्ब तिथेच पडावा म्हणून विमानाने कुठे सोडायचा, हे जमिनीवरची माणसं सांगू लागली. १९६६पासूनच्या या पद्धतीचं नाव कॉम्बॅट स्कायस्पॉट. ढग असोत, रात्र असो, बी-५२ त्यांच्या आवाजावर बॉम्ब सोडत. असंच एक गुप्त रडार लाओसमध्ये फू फा थी डोंगराच्या माथ्यावर, लिमा साइट ८५ इथे होतं. तिथली माणसं कागदोपत्री वायुदलाची नव्हती, खासगी कंपनीची नोकर होती. १०-११ मार्च १९६८च्या रात्री शत्रूचे कमांडो कडा चढून वर आले. तिथल्या १९ अमेरिकनांपैकी १२ जण गेले. चीफ मास्टर सार्जंट रिचर्ड एचबर्गर यांनी जखमी सोबत्यांना हेलिकॉप्टरच्या दोरावर आधी चढवलं, स्वतः शेवटी चढले, आणि वर पोचल्यावर खालून आलेल्या गोळीने त्यांचा जीव घेतला. त्यांना मेडल ऑफ ऑनर, हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळाला तो २०१०मध्ये. बेचाळीस वर्षांनी.

माझ्या पहिल्या मसुद्यात याला दीड पान होतं. सरांनी ते वाचलं, समासात पेन्सिलने 'स्वतंत्र प्रकरण' असं लिहिलं आणि वही परत दिली. स्कोअरच्या तक्त्यांमधली दोन पानं काढून टाकून मी ते प्रकरण लिहिलं.