घासात अमरवेल दिसली की उपटत बसू नका

आपल्याकडं निफाड-येवल्याला दावणीला दोन गाई असल्या की विहिरीजवळ चार वाफे घास (लसूणघास) असतोच, आणि त्यातच एक दिवस पिवळ्या शेवया सांडल्यासारखं जाळं दिसतं. तीच अमरवेल. पानं नाहीत, एकदा घासाला विळखा बसला की जमिनीतलं मूळपण सुकून जातं, मग सगळा रस घासाचाच.

मी पहिल्या वर्षी हातानं ओढून काढली अन् बांधावर फेकली, झालं काय तर काडीला राहिलेले तुकडे परत फुटले आणि बांधावरच्या गाजरगवतावरपण ती चढली. तर ओढू नका. जिथं दिसते तिथून चारी बाजूला हातभर जास्त धरून घास वेलीसकट जमिनीलगत कापा, पोत्यात भरून बाहेर न्या, वाळवून जाळा. हे फुलं यायच्या आत, कारण बी पडलं की ते दहा वर्षांच्या वर जमिनीत जिवंत राहतं.

आता घरचे म्हणतात वाया कशाला घालवता, गाईला टाका. खरा घोळ तिथंच आहे भाऊ, बी गाईच्या पोटातून शाबूत बाहेर पडतं, ते शेणखत कांद्याच्या रोपाला जातं आणि मग रोपातून सगळ्या वावरात. रोप विकत आणताय तर जुडी सोडून बघा, पिवळा दोरा दिसला तर फुकट मिळालं तरी नको.

घासाचं बीपण बारीक चाळणीनं चाळून घ्या, अमरवेलीचं बी त्याच्याहून बारीक, मळकट, खरखरीत असतं.

ज्या वाफ्यात येऊन गेली तिथं पेरायच्या आधी पाणी द्या, आठ-दहा दिवस थांबा, उगवलेलं वरच्यावर कुळवून मोडा. सगळं बी एका पाण्यात उगवत नाही, म्हणून मग दोन-तीन वर्षं मका, बाजरी नाहीतर गहू घ्या, त्यांच्यावर ती जगत नाही. पण निंदणी चोख पाहिजे, रुंद पानाच्या तणावर ती आरामात राहते. (बाजरीत पांढऱ्या फुलाचा टारफुला येतो तो वेगळा, तो मुळाला धरतो.)

पेंडीमिथॅलिन हे तणनाशक चालतं, पण वेल उगवायच्या आधी, वर आल्यावर मारून फक्त पैसे जातात. डोस लेबलवर बघा नाहीतर कृषी सहायकाला विचारा.

आणि तो विळा दुसऱ्या वाफ्यात न्यायच्या आधी पुसून घ्या, त्याला तुकडे चिकटलेले असतात.