मार्चसाठी मेर्ट्सनची बेगमी

म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मेळा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आटोपतो आणि पुढच्या काही आठवड्यांत दुकानांतली मेर्ट्सनही संपत जाते. ही तांबूस, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा असलेली बिअर माझी सगळ्यात लाडकी. सांगलीला आई उन्हाळ्यात पापड-कुरडयांची बेगमी करायची, तशी मी सप्टेंबरात मेर्ट्सनची करते. शेवटची बाटली उघडते ती मार्चमध्ये.

मार्चच का? तर नावातच मार्च आहे, जर्मनमध्ये मार्चला ‘मेर्ट्स’ म्हणतात. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक असलेल्या या जर्मन प्रांतात, १५५३ च्या हुकुमानं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर करून थंड तळघरात ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. जमिनीला सावली मिळावी म्हणून तळघरांवर चेस्टनटची झाडं लावत. इथले बिअर गार्डन त्याच सावलीत उभे राहिले. थोडक्यात, टिकायचं हा या बिअरचा मूळ धर्मच.

पण आजची बाटली वर्षानुवर्षं मुरवायची नाही. पाच-सहा महिने सांभाळायची, बस्स.

घेताना दोन गोष्टी बघा. मेळ्याच्या तंबूत हल्ली मिळते ती सोनेरी, सुमारे ६ टक्क्यांची फेस्टबिअर. तिची मजा ताजेपणात असते, ती ठेवू नका. ठेवायची ती तांबूस. आणि लेबलावरची मुदतीची तारीख वाचा. मी फळीच्या मागच्या रांगेत हात घालून सगळ्यात पुढची तारीख शोधते. अर्ध्या लिटरच्या २० बाटल्यांचा क्रेट घेते. साध्या बाटल्यांच्या क्रेटवर ३.१० युरो डिपॉझिट जातं, ते रिकाम्या बाटल्या दिल्या की परत मिळतं.

आता खरं काम. बिअरचे तीन वैरी: उजेड, ऊब आणि हवा. उन्हानं हॉप्समधलं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधलं) द्रव्य बदलतं आणि बिअरला उग्र दर्प येतो. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, सगळा नाही. म्हणून क्रेटवर जुनी चादर टाका. हवेचा थोडा अंश बाटलीत असतोच आणि जितकी ऊब जास्त तितकं तो लवकर बिघडवतो. आमच्या इमारतीच्या तळघरात हिवाळ्यात ८-१० अंश असतात, ते उत्तम. फक्त हीटिंगच्या पाइपाला हात लावून बघा. क्रेट त्याच्यापासून लांब, जमिनीवर, बाटल्या उभ्या. पुण्या-मुंबईत असाल तर फ्रीजचा सगळ्यात खालचा कप्पा, दुसरा उपाय नाही.

बाल्कनी थंड असते म्हणून तिथे मात्र ठेवू नका. पहिल्या वर्षी मी ठेवल्या होत्या. जानेवारीतल्या एका रात्रीत पारा उणे दहाच्या खाली गेला आणि सकाळी दोन बाटल्या तडकलेल्या, फरशीवर तांबूस बर्फ. फार वाईट वाटलं होतं.

दर महिन्याला एक बाटली उघडून बघा. आधी वास घ्या. ब्रेडच्या भाजलेल्या कडेचा वास येत असेल तर सगळं ठीक. हळूहळू मधाची छटा येते, मला ती आवडते. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला की समजायचं, बाकीच्या लवकर संपवायला हव्यात.

फ्रीजमधून काढून १५-२० मिनिटं बाहेर ठेवा. फार गार असली तर माल्ट मुका राहतो. ग्लास गार पाण्यानं विसळा, साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो. तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा, दोन बोटं फेस यायला हवा.

आणि सोबत भाजणीचं थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. इथे लोक प्रेत्सेल हा गाठीच्या आकाराचा खारा पाव खातात, पण थालीपीठाची जोडी मला जास्त पटते. भाजणीत धान्य खमंग भाजलेलं, माल्टही धान्यच, तेही भट्टीत तापवलेलं. तव्यावरून उतरलेल्या थालीपीठाच्या भोकांत लोणी वितळत असताना पहिला घोट घ्या. दोन्ही खमंगपणा एकमेकांना ओळखतात.

पुठ्ठ्याच्या वासाची एखादी निघालीच तर ओतून टाकू नका. बेसनात पाण्याऐवजी तीच घाला, गार असतानाच, आणि लगेच कांदाभजी तळा. बुडबुड्यांमुळे भजी अशी कुरकुरीत होतात की सोड्याची चिमूटही लागत नाही.