हातच्याची वजाबाकी काड्यांनी कशी शिकवावी

प्राथमिक वर्गात काही कल्पक करायचे ठरले, की आपण बहुधा आधी रंगीत कागद आणि तक्ते गोळा करतो आणि मग त्यात बसेल असा घटक शोधतो. हा क्रम उलटा करावा. मुले नेमकी कोठे अडतात ते त्यांच्या वह्यांतून आधी पाहावे आणि त्या एका अडचणीपुरतेच साहित्य निवडावे. येथे उदाहरणादाखल हातच्याची वजाबाकी घेतली आहे.

४२ मधून १७ वजा करताना अनेक मुले ३५ हे उत्तर लिहितात. हा निष्काळजीपणा नसतो. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन, असा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा नियम मुलाने स्वतःच बनवलेला असतो आणि तो इमानाने पाळलेला असतो. त्यामुळे ‘नीट बघून कर’ असे सांगितल्याने काहीच बदलत नाही.

प्रथम चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटाला सारख्या लांबीच्या पन्नास काड्या आणि पाच रबर द्यावेत. दहा काड्या मोजून गठ्ठा बांधण्याचे काम मुलांनाच करू द्यावे. आधीच बांधलेले गठ्ठे दिले तर वेळ वाचतो, पण एका गठ्ठ्यात दहा सुट्या काड्या आहेत ही जाणीव हाताला होत नाही.

आता चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून त्यांतून सतरा काड्या काढायला सांगावे. मुले दोन सुट्या काड्या उचलतात आणि थबकतात. या क्षणी शिक्षकाने गप्प राहणे सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे असते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात आणि ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरे अधिक विस्तृत होतात, असे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकातील अभ्यासात आढळले होते. थोडे थांबले, की कोणीतरी एका गठ्ठ्याचे रबर सोडतेच. सुट्या काड्या बारा होतात, त्यांतून सात जातात, उरलेल्या तीन गठ्ठ्यांतून एक जातो आणि दोन गठ्ठे व पाच काड्या, म्हणजे २५ उरतात. ‘हातचा’ हा शब्द त्यानंतरच फळ्यावर लिहावा.

काड्यांवरून थेट अंकांवर जाऊ नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन रूपांत ज्ञान मांडण्याचा विचार दिला. त्यातील मधली पायरी वर्गात हमखास गाळली जाते. दशकासाठी उभी रेघ आणि एककासाठी ठिपका काढून तीच उदाहरणे वहीत सोडवून घ्यावीत. नंतर जोडीतील एकाने काड्या हलवाव्यात आणि दुसऱ्याने प्रत्येक हालचाल अंकांत लिहावी.

दुसऱ्या दिवशी, कोणाचेही नाव न घेता, ३५ हे उत्तर फळ्यावर लिहून ‘हे कसे सुचले असेल?’ असे विचारावे. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करावा, मग शेजाऱ्याशी बोलावे आणि शेवटी वर्गाला सांगावे. तास संपताना चिठ्ठीवर ६१ − ३४ सोडवून घ्यावे. उत्तर ३३ आले तर जुना नियम अजून टिकून आहे, असे समजावे आणि त्या मुलांना पुन्हा काड्या द्याव्यात. ६० − २३ सारखी शून्याची उदाहरणे मात्र चिठ्ठीवरच्या ६१ − ३४ चे उत्तर सर्वांचे २७ आल्यावरच घ्यावीत.

भाषेच्या तासाला वाक्यांच्या पट्ट्या कापून शब्द पुन्हा जुळवायला देता येतात. तेथेही अडचण आधी आणि कात्री नंतर.

काड्या आवरताना दहा-दहाचे गठ्ठे बांधूनच डब्यात ठेवायला सांगावे. एखादी काडी बाकाखाली राहिली असेल, तर शेवटचा गठ्ठा नऊचाच भरतो आणि ती शोधायला मुले आपणहून खाली वाकतात.