इस्लाम, दहशतवाद आणि अमेरिकेची युद्धं : वादाला उभं राहताना या चुका टाळा

महाविद्यालयीन वादस्पर्धांना परीक्षक म्हणून जाणाऱ्या माणसाला हा विषय चुकत नाही. कधी ‘दहशतवाद संपवण्यासाठी पाश्चात्त्य देशांनी केलेला लष्करी हस्तक्षेप समर्थनीय आहे’ असा सरळ प्रस्ताव असतो, कधी ‘जागतिक शांतता आणि धर्म’ अशा गोंडस नावाखाली तेच. अनुकूल बाजू येते आणि जुळे मनोरे पाडते. प्रतिकूल बाजू येते आणि तेल काढते. घंटा होते, टाळ्या होतात, आणि मी गुणपत्रिकेवर ‘आशय’ या रकान्यासमोर पेन धरून बसते.

पुढे लिहिलंय ते स्पर्धकांसाठी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामा-काकांशी याच विषयावर भांडणाऱ्यांनाही ते चालेल. तिथे घंटा वाजत नाही एवढाच फरक.

सगळी युद्धं एकाच माळेत ओवणं

माझी सर्वांत नावडती चूक. एका अंतिम फेरीत अनुकूल बाजूचा पहिला वक्ता उभा राहिला. आवाज खणखणीत, कुर्ता कडक इस्त्रीचा. म्हणाला, “ज्या सद्दामने न्यूयॉर्कचे जुळे मनोरे जमीनदोस्त केले, त्याला काय हार घालायचा होता?” सभागृह दणाणलं. प्रतिकूल बाजूचा वक्ता उठला आणि म्हणाला, “पण त्या सद्दामला पोसलं कुणी?” पुन्हा टाळ्या. मूळ वाक्यच खोटं आहे हे दोघांच्याही गावी नव्हतं. खंडनाच्या फेरीत मात्र प्रतिकूल बाजूच्या दुसऱ्या मुलीने शांतपणे विचारलं, “विमानं पळवणारे एकोणीस जण होते. त्यांत इराकी किती?”

“असतील की बरेच.”

“एकही नाही. पंधरा सौदी, दोन संयुक्त अरब अमिरातीचे, एक इजिप्तचा आणि एक लेबननचा.”

मुलगा अडखळला, घाम पुसला आणि वैतागून म्हणाला, “ठीक आहे ना ताई, शेवटी सगळे एकच!”

तिथे फेरी संपली. त्याच्या बाजूचा सगळा डोलारा ‘दोषींना शिक्षा’ या मुद्द्यावर उभा होता. सगळे एकच असतील तर दोषी कोण हे शोधायचं कशाला, आणि शोधायचंच नसेल तर शिक्षा कसली? निकालानंतर त्याचे मार्गदर्शक सर मला जिन्यात गाठून म्हणाले, “मॅडम, मुलाचा ओघ बघा ना! तपशिलात काय ठेवलंय?” या विषयात तपशिलाशिवाय दुसरं काही ठेवलेलंच नाही.

अफगाणिस्तानचं घ्या. हल्ला करणाऱ्या अल कायदाचे तळ तिथे होते, तिथे सत्तेवर असलेल्या तालिबानचा त्यांना आसरा होता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १२ सप्टेंबर २००१ रोजीच ठराव १३६८ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला आणि ७ ऑक्टोबरला बॉम्बफेक सुरू झाली. ते युद्ध पुढे कसं चालवलं यावर हवं तेवढं भांडा, पण सुरुवातीला कारण होतं. इराकचं तसं नाही. नोव्हेंबर २००२ च्या ठराव १४४१ मध्ये सद्दामला ‘गंभीर परिणामां’चा इशारा होता, युद्धाची स्पष्ट परवानगी नव्हती. दुसरा ठराव मिळेना म्हणून त्याचा नाद सोडून मार्च २००३ मध्ये सैन्य घुसवलं. ज्या महासंहारक अस्त्रांच्या नावाने हे सगळं झालं, त्यांचे साठे सापडलेच नाहीत. अकरा सप्टेंबरची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगालाही सद्दाम आणि अल कायदा यांनी मिळून हल्ल्याचं काही काम केल्याचा पुरावा मिळाला नाही. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये हे युद्ध बेकायदेशीर असल्याचं उघड सांगितलं.

‘पाश्चात्त्य देश’ म्हणून जो एक गठ्ठा बांधला जातो, तोही तेव्हा फुटलेला होता. फ्रान्स आणि जर्मनी विरोधात, कॅनडा बाहेर. नाटोचा सदस्य असलेल्या तुर्कस्तानच्या संसदेने १ मार्च २००३ रोजी अमेरिकी फौजांना वाट द्यायचं नाकारलं. आपल्या लोकसभेने एप्रिलमध्ये युद्धाविरोधात ठराव केला, आणि अमेरिकेची मागणी असूनही वाजपेयी सरकारने जुलैमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. इराकवर बोलणाऱ्या मराठी मुलांना हे ठाऊक नसतं. लिंकनचं वाक्य मात्र पाठ असतं.

प्रतिकूल बाजूने फार खूश होऊ नये. “हे सगळं इस्लामविरुद्धचं धर्मयुद्ध आहे” असं तुम्ही म्हणालात, की समोरचा शहाणा असेल तर कोसोव्हो काढेल. १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस बॉम्ब टाकले ते ख्रिस्ती सर्बियावर, आणि ज्यांच्यासाठी टाकले ते कोसोव्होचे अल्बेनियन बहुसंख्येने मुसलमान. त्याआधी १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि मुलं मारली गेली, तेव्हा पाश्चात्त्यांवरचा आरोप हस्तक्षेप केल्याचा नव्हता, वेळेवर न केल्याचा होता. कोसोव्होला सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. नंतर नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने ते युद्ध बेकायदेशीर पण समर्थनीय ठरवलं. आता कायदा आणि नीती यांची गाठ अशी सुटलेली असताना तुम्ही कुठे उभे आहात, ते सांगता आलं पाहिजे.

माझा उपाय जुनाच आहे. तयारीला येणाऱ्या मुलांना मी एक मोठा कागद आखायला लावते. उभ्या रकान्यांत युद्धं : कोसोव्हो, अफगाणिस्तान, इराक, लिबिया, माली. आडवे प्रश्न : तारीख काय, कारण काय सांगितलं, सुरक्षा परिषदेने काय केलं, त्या देशाच्या सरकारने बोलावलं होतं का, नंतर सत्तेवर कोण आलं. मालीच्या रकान्यात मुलं थबकतात, कारण तिथे २०१३ मध्ये फ्रान्सला मालीच्या सरकारनेच बोलावलं होतं आणि टिंबक्टू जिहादी गटांच्या ताब्यातून सोडवल्यावर लोकांनी फ्रेंच सैनिकांचं स्वागत केलं होतं. २०२२ मध्ये त्याच फ्रान्सला तिथून गाशा गुंडाळावा लागला. लिबियाच्या रकान्यात २०११ चा ठराव क्रमांक १९७३ येतो, आणि त्यावर तटस्थ राहिलेल्या पाच देशांत भारत दिसतो. कागद हाताने लिहायचा. संगणकावर तयार तक्ता मागवून त्याची छापील प्रत आणणाऱ्यांना मी परत पाठवते. कठोर वाटेल, पण व्यासपीठावर आठवतं ते हाताने लिहिलेलंच.

अर्धी आयत

दुसरी लाडकी चूक, आणि यात दोन्ही बाजू सारख्याच निर्लज्ज.

एक बाजू कुराणाच्या नवव्या सूऱ्यातली, म्हणजे अध्यायातली, पाचवी आयत काढते : पवित्र महिने सरले की मुश्रिक (अनेक देवांना मानणारे) सापडतील तिथे त्यांना मारा. इथे वाक्य तोडतात. त्याआधीची चौथी आयत करार पाळणाऱ्या मुश्रिकांना वगळते. सहावी सांगते, की त्यांच्यातला कुणी आसरा मागायला आला तर त्याला आसरा द्या आणि सुरक्षित जागी पोचवा. मोडलेल्या करारांच्या आणि युद्धाच्या प्रसंगातली ही आयत आहे. पण एवढ्यावर हुरळून जाऊ नका. काही जुन्या भाष्यकारांनी याच आयतीने आधीच्या सौम्य आयती रद्द झाल्या असंही मत मांडलं आहे. समोरच्याने ते काढलं तर तुमच्याकडे उत्तर हवं.

दुसरी बाजू पाचव्या सूऱ्यातली बत्तिसावी आयत घेऊन येते : एका जिवाला मारणं म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणं. टाळ्या हमखास. वाक्य मात्र इथेही तोडलेलं. आयतीची सुरुवात ‘इस्राएलच्या संततीला आम्ही हे घालून दिलं’ अशी आहे, आणि मध्येच अपवादही आहे : खुनाबद्दल किंवा पृथ्वीवर फसाद (उत्पात) माजवल्याबद्दल मारलं असेल तर गोष्ट वेगळी. पुढच्याच आयतीत त्या फसादाच्या कडक शिक्षा आहेत. एकदा प्रतिस्पर्ध्याने फक्त ही पुढची आयत वाचून दाखवली आणि समोरच्या मुलीचं सगळं भाषण कोसळलं. तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. तिने तो फॉरवर्डमधून उचलला होता.

मी पाळते तो नियम साधा आहे. जी आयत वापरायची तिच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दुसरं म्हणजे ‘इस्लाम म्हणतो’ असं वाक्य सुरूच करायचं नाही. इस्लाम बोलत नाही, माणसं बोलतात. ती कोण, कधी, कुठे, ते सांगा. आयसिसचा म्होरक्या बगदादीने २०१४ मध्ये मोसुलमधून खिलाफतीचा दावा केला, तेव्हा त्याच वर्षी शंभराहून जास्त मुस्लिम विद्वानांनी त्याला जाहीर पत्र लिहून त्याची एकेक कृती शास्त्राच्या आधारे खोडून काढली. देवबंदच्या दारुल उलूमने फेब्रुवारी २००८ मध्ये परिषद भरवून दहशतवादाचा निषेध केला. असं नाव-गाव-तारखेसकट बोललात की समोरच्याला खोडायला काही तरी ठोस मिळतं, आणि वाद सुरू होतो.

“ते खरे मुसलमानच नाहीत” हाही पळ काढण्याचाच मार्ग. बगदादीसारखे लोक तसं मानत नव्हते, ग्रंथांतूनच दाखले देत होते. त्यांचं वाचन बहुसंख्यांनी का नाकारलं, ते सांगा.

“मुसलमान निषेध का करत नाहीत?”

हे मुंबईजवळच्या सभागृहात कुणी विचारलं की माझं डोकं सणकतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात पुरायला तिथल्या मुस्लिम विश्वस्तांनी साफ नकार दिला. ते मृतदेह वर्षाहून जास्त काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. शेवटी जानेवारी २०१० मध्ये सरकारला ते गुपचूप पुरावे लागले. आपल्या दारातली गोष्ट आहे ही.

याचीच धाकटी बहीण म्हणजे समोरच्या संघातल्या मुस्लिम मुलाकडे बोट करून “तुम्हीच सांगा, तुमच्यात काय शिकवतात?” असं विचारणं. माझ्यासमोर केलंत तर गुण कापले जातील, कारण विचारू नका. बहुतेक वेळा त्या मुलाच्या स्वतःच्या संघानेही हेच केलेलं असतं. त्याला लिबियावर बोलायचं असतं, तेल आणि निर्वासित यांवर त्याने दोन रात्री वाचलेलं असतं, आणि संघप्रमुख म्हणतो, “नाही नाही, ‘इस्लाम शांतीचा धर्म’ तू घे, तुला शोभेल.”

आता भराभर

आकडे फेकताना ते काय मोजतात ते बघा. इराकसाठी लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकातल्या अभ्यासाने २००६ च्या मध्यापर्यंत सुमारे ६ लाख ५५ हजार जादा मृत्यूंचा अंदाज दिला. साधारण त्याच काळासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि इराक सरकारच्या पाहणीचा आकडा १ लाख ५१ हजार, पण तो फक्त हिंसक मृत्यूंचा. आपल्याला सोयीचा आकडा उचलून दुसरा खोटा ठरवू नका. दोन्ही सांगा, फरक सांगा.

“तालिबान अमेरिकेनेच जन्माला घातलं.” तालिबान १९९४ ला कंदहारमध्ये उभं राहिलं. अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रं १९८० च्या दशकात पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेमार्फत सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांकडे गेली. धागा आहे, पण तो एका वाक्यात मावणारा नाही.

“सगळे दहशतवादी एकमेकांना सामील.” १९९८ मध्ये तालिबानने घेतलेल्या अफगाणिस्तानातल्या मझार-ए-शरीफ शहरात इराणी राजनैतिक अधिकारी मारले गेले तेव्हा इराण आणि तालिबान युद्धाच्या तोंडाशी आले होते.

युद्ध करावं का, युद्धात वागावं कसं आणि युद्धानंतर काय करावं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. इराकच्या अबू गरेब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाच्या छायाचित्रांनी दुसऱ्याचं उत्तर मिळतं, पहिल्याचं नाही. मे २००३ मध्ये इराकी सैन्य एका हुकुमाने बरखास्त केलं आणि शस्त्रं हाताळलेली लाखो माणसं बेकार झाली, हा तिसऱ्यातला मुद्दा. आयसिसवर बोलायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

कारण सांगणं म्हणजे समर्थन करणं नव्हे. हे समोरच्याला दर वेळी सांगावं लागतं, तर सांगा.

भाषणाच्या शेवटी शेर नको.

आणि १९७१

प्रतिकूल बाजूचा एक तरी वक्ता छाती काढून म्हणतो, “दुसऱ्या देशाचं सार्वभौमत्व मोडणं कधीच नैतिक असू शकत नाही.” ‘कधीच’ म्हणालात की गेलात. पूर्व पाकिस्तानात हत्याकांड चालू होतं, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते आणि भारताचं सैन्य ढाक्यापर्यंत गेलं. ७ डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी युद्ध थांबवा म्हणून मत दिलं, विरोधात फक्त अकरा. बहुतेक जग आपल्या विरुद्ध होतं. ही गोष्ट समोरून आली की मराठी मुलगा गप्प होतो, कारण शाळेत त्याने ती फक्त विजयाची म्हणून वाचलेली असते.

उत्तरं आहेत. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला होता. निर्वासितांचा भार आपल्या अंगावर होता. आणि मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून परतही आलं होतं, तर अमेरिका अफगाणिस्तानात वीस वर्षं राहिली आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पुन्हा तालिबानच्याच हाती गेलं. अनुकूल बाजूलाही हेच उदाहरण उलट फिरवता येतं : परवानगीवाचून केलेला हस्तक्षेप योग्य असू शकतो, हे भारतानेच दाखवलं. दोन्हीकडून तयारी करून या. समोरच्या संघाने नाही विचारलं तर हा प्रश्न मी विचारते.