‘साथ मऊ पडती’ म्हणणाऱ्याला कसं समजवायचं

मी जालन्याकडच्या खेड्यात आशाताई. पारावर कुणी म्हणालं, “साथ जुनी झाली की मऊच पडती,” तर वाद घालू नका, सशांची गोष्ट सांगा. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात ससे मारायला मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला लागण झालेल्या शंभरातले नव्याण्णव मेले. पण ससा झटपट मेला, तर डासांना चावायला वेळच कमी. रेंगाळत जगणाऱ्या सशावरून डासाच्या सोंडेवर बसून विषाणू जास्त पसरला, म्हणून मध्यम जोराचे वाण टिकले. (ससेही चिवट झाले, तेही सांगा.) मग विचारा, “आन् पिसाळलेलं कुत्रं?” ते मरायच्या आधीच लाळेतून रेबीज पुढं गेलेला असतो, त्याला मऊ व्हायची गरजच काय? आमचे दाजी इथंच कपबशी खाली ठेवून गप झाले. तेवढ्यात लसीची तारीख सांगून टाकायची.